मुका मार

जानेवारी १९५४च्या शेवटच्या आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांनी अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन कादंबरीकाराचे मृत्युलेख छापले. आफ्रिकेतील युगांडा देशात, नाईल नदीवरच्या एका धबधब्याजवळ त्याचे छोटे विमान कोसळले होते आणि कोणी वाचल्याची खूण आकाशातून दिसत नव्हती. संपादकांनी कपाटातली जुनी कात्रणे काढली, कोणी त्याच्या शौर्याचे गोडवे गायले, तर कोणी तो आयुष्यभर मरणाच्या मागे धावत होता असा निष्कर्ष काढला. हे सारे चालू असताना हेमिंग्वे जिवंत होता. पहिल्या अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो दुसऱ्या विमानात बसला, तेही उडता उडता कोसळून पेटले, आणि त्यातूनही तो बाहेर आला. पुढे नैरोबीत अंथरुणावर पडून त्याने स्वतःचे मृत्युलेख मोठ्या चवीने वाचून काढले.

ही हकीकत साहित्याच्या गप्पांत नेहमी गंमत म्हणून सांगितली जाते. मीही ती तशीच ऐकली होती. परंतु वय वाढत गेले तशी तिच्यातली गंमत मला कमी कमी वाटू लागली. मृत्युलेख छापणाऱ्यांची घाई झाली हे खरे. पण त्यानंतर साडेसात वर्षांनी हा माणूस ज्या रीतीने संपला, तिची मुळे शोधू गेले की पावले पुन्हा पुन्हा त्याच खडबडीत धावपट्टीकडे वळतात.

मराठी वाचकाला हेमिंग्वे भेटला तो बहुधा पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’मधून. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चे हे मराठी रूप मी कॉलेजात असताना करवीर नगर वाचन मंदिरातून आणले आणि एका रात्रीत वाचले. समुद्र न पाहिलेल्या माझ्यासारख्या मुलालाही तो म्हातारा कोळी आपल्या पंचगंगेच्या घाटावरचा वाटला. खरे तर आम्हा कोल्हापूरकरांना हेमिंग्वे हा माणूसच परका वाटत नाही. शिकार, अंगातली रग, खाण्यापिण्याचा शौक, हार न मानण्याचा हट्ट, हे सगळे आमच्या ओळखीचे. संस्थानकाळात आफ्रिकेतून आणलेले चित्ते या गावात पाळले जात, त्यांना काळविटाच्या शिकारीसाठी तयार करणारे चित्तेवान इथे होते. ज्या आफ्रिकेतून ते चित्ते येत, तिथेच हेमिंग्वे शिकारीला जात होता.

त्याचा जन्म २१ जुलै १८९९चा, शिकागोजवळच्या ओक पार्क गावातला. वडील डॉक्टर, आई गाणारी. वडिलांनी लहानपणीच हातात गळ आणि बंदूक दिली. कॉलेजात न जाता तो वर्तमानपत्रात बातमीदार झाला आणि १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर इटलीत गेला. आघाडीवरच्या सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटत असताना ८ जुलैच्या रात्री जवळच तोफगोळा फुटला. पायात शेकड्यांनी तुकडे घुसले. एकोणीस पूर्ण व्हायला दोन आठवडे कमी होते. मिलानच्या इस्पितळात तो महिनोन्‌महिने पडून होता, तिथल्या परिचारिकेच्या प्रेमात पडला, आणि त्या अनुभवातून १९२९ साली ‘अ फेअरवेल टु आर्म्स’ ही कादंबरी आली. पायाच्या जखमा भरल्या. त्या जखमांचे व्रण त्याने मिरवले, आणि जगानेही ते कौतुकाने पाहिले. रक्त वाहिलेली जखम लोकांना दिसते, तिला मान मिळतो.

डोक्याच्या जखमांची गोष्ट वेगळी आहे. १९२८ साली पॅरिसमध्ये घरातल्या छताची काच डोक्यावर पडून कपाळ फाटले. १९४४च्या मे महिन्यात लंडनच्या युद्धकाळातल्या अंधारात त्याची मोटार पाण्याच्या टाकीवर आदळली आणि डोक्याला पन्नासहून अधिक टाके पडले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, परंतु तीन महिन्यांच्या आत तो फ्रान्सच्या आघाडीवर मोटारसायकलवरून फेकला गेला आणि डोके पुन्हा आपटले. १९५० साली स्वतःच्या ‘पिलार’ नावेवर पाय घसरून पुन्हा डोके फुटले. दर वेळी तो उठला, पट्टी बांधून लोकांसमोर आला, आणि दर वेळी त्याच्या दंतकथेत एका प्रकरणाची भर पडली.

आफ्रिकेशी त्याची पहिली गाठ पडली १९३३च्या अखेरीस. त्या सफारीत त्याला आमांशाने इतके पोखरले की जानेवारी १९३४मध्ये एका छोट्या विमानाने त्याला शिकारीच्या तळावरून उचलून उपचारासाठी न्यावे लागले. वाटेत किलिमांजारोचे हिमशिखर दिसले. त्या उड्डाणातून १९३६ साली ‘द स्नोज ऑफ किलिमांजारो’ ही कथा जन्मली. तीत पायाला गँगरीन झालेला एक लेखक माळावरच्या तंबूत मरत पडला आहे. त्याने लिहायचे म्हणून राखून ठेवलेले सगळे लिहायचे राहून गेले आहे. शेवटी त्याला घ्यायला विमान येते, ओबडधोबड माळावरून धक्के खात उडते आणि शिखराकडे झेपावते. ते विमान खरे नसते, मरणाऱ्याच्या मनातले असते. ही कथा लिहिणाऱ्याचे वय तेव्हा छत्तीस-सदतीस होते. अठरा वर्षांनी त्याच खंडात, तशाच एका माळावर आपले काय व्हायचे आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

मधल्या काळात स्पेनचे यादवी युद्ध, दुसरे महायुद्ध, दोन घटस्फोट आणि चौथे लग्न एवढे सारे झाले. १९४०ची ‘फॉर हूम द बेल टोल्स’ सोडली तर लेखनाचा भर ओसरला होता, टीकाकार त्याला मोडीत काढू लागले होते. अशात १ सप्टेंबर १९५२ रोजी ‘लाइफ’ साप्ताहिकाने म्हाताऱ्या कोळ्याची ती गोष्ट एकाच अंकात संपूर्ण छापली आणि दोन दिवसांत त्या अंकाच्या पन्नास लाखांवर प्रती खपल्या. पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. हातात पैसा आला, मनात उभारी आली, आणि १९५३च्या उन्हाळ्याअखेर तो पत्नी मेरीला घेऊन पुन्हा केनियात गेला.

शिकारीचे चार-पाच महिने सुखाचे गेले. मेरीला नाताळची भेट म्हणून त्याने विमानातून आफ्रिका दाखवायचे ठरवले. रॉय मार्श नावाच्या वैमानिकाचे चार आसनी सेसना विमान भाड्याने घेतले आणि २१ जानेवारी १९५४ रोजी तिघे नैरोबीहून निघाले. सरोवरे, ज्वालामुखी, पाणघोड्यांचे कळप पाहत ते युगांडात आले. २३ तारखेला मर्चिसन धबधब्यावर मेरीला छायाचित्रे घेता यावीत म्हणून मार्शने विमान खाली आणून घिरट्या घातल्या. समोरून पक्ष्यांचा थवा आला, त्याला चुकवताना विमान खाली गेले आणि वापरात नसलेल्या एका जुन्या तारायंत्राच्या तारेला अडकले. शेपटीकडचा भाग निकामी झाला. मार्शने कसेबसे झुडपांत विमान उतरवले. मेरीच्या बरगड्या मोडल्या, हेमिंग्वेचा खांदा दुखावला, पण तिघेही पायांवर उभे होते. ती रात्र त्यांनी नदीकाठच्या उंचवट्यावर शेकोटी पेटवून, आसपास फिरणाऱ्या हत्तींच्या सोबतीने काढली. वरून गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाने मोडके विमान पाहिले, माणूस मात्र कुठे दिसला नाही. मृत्यूची बातमी पसरली ती त्याच्या निरोपावरून.

दुसऱ्या दिवशी नदीतून ‘मर्चिसन’ नावाची लाँच आली. ‘द आफ्रिकन क्वीन’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी काही वर्षांपूर्वी जी भाड्याने घेतली होती, तीच ही. तिने तिघांना अल्बर्ट सरोवराच्या काठावरच्या बुटियाबा या गावी पोचवले. तिथे रेजिनाल्ड कार्टराइट नावाचा वैमानिक दिवसभर त्यांना शोधून थकून उभा होता. त्याच्याजवळ द हॅविलँड रॅपिड विमान होते. आत्ता निघालो तर एन्टेबेला डॉक्टर मिळेल, असा त्याचा आग्रह. सूर्य मावळत होता. मोडक्या बरगड्यांची बायको, दुखरा खांदा, अंगात आदल्या रात्रीचा थकवा. नाही म्हणायला कोणाच्या अंगात बळ नव्हते.

इथे जरा थांबून ते विमान आणि ती जागा डोळ्यांसमोर आणली पाहिजे. रॅपिड हे दोन इंजिनांचे, एकावर एक असे दुहेरी पंखांचे विमान. सांगाडा लाकडाचा, त्यावर रोगण दिलेले कापड ताणलेले. वजनाला हलके म्हणून लहान मैदानांवर उपयोगाचे, पण आगीला अगदी सोयीचे. बुटियाबाची धावपट्टी म्हणजे नांगरून सोडलेल्या शेतासारखी, सऱ्या पडलेली जमीन. आमच्या राजाराम महाराजांच्या काळात उजळाईवाडीच्या माळावर पट्टी झाली तेव्हा तीही काही काचेसारखी नसणार. पण धावपट्टी सपाट असावी हा नुसता प्रवाशांच्या सोयीचा प्रश्न नसतो. विमानाला उचलते ती पंखांवरून वेगाने जाणारी हवा. पुरेसा वेग येईपर्यंत ते केवळ चाके लावलेले एक अवजड वाहन असते. खाचखळग्यांत चाके अडली की वेग वाढत नाही. उंचवट्यावरून उसळी बसली की विमान वेळेआधीच हवेत जाते, पंख ते पेलू शकत नाहीत, आणि ते पुन्हा जमिनीवर आदळते. उतरतानाचा अपघात वाईटच, पण उड्डाणावेळच्या अपघातात इंजिने पूर्ण जोराने चालू असतात आणि प्रवासाचे सारे इंधन अजून टाक्यांतच असते.

बुटियाबाला नेमके हेच झाले. २४ जानेवारीच्या तिन्हीसांजेला रॅपिड त्या सऱ्यांवरून उड्या मारत धावले, वर उचलल्यासारखे झाले, खाली आदळले, आणि थांबले तेव्हा आग लागलेली होती. मार्शने एक खिडकी फोडली. त्यातून तो आणि मेरी बाहेर पडले, कार्टराइटही निसटला. हेमिंग्वेचा देह त्या खिडकीत मावणारा नव्हता. दार वाकून अडकले होते. हात कामाचा राहिला नव्हता, म्हणून त्याने खांदा आणि डोके यांच्या धडका देऊन ते दार उघडले. आदल्या दिवशीच हादरलेले, आयुष्यभर मार खाल्लेले ते डोके त्याने घणासारखे वापरले. दार उघडले, तो पंखावर आला आणि वाचला. त्यांचे सामान, कॅमेरे, कागदपत्रे विमानाबरोबर जळून गेली.

तिथून मोटारीने सुमारे पन्नास मैलांवरच्या मसिंदी गावी नेऊन त्यांना हॉटेलात ठेवण्यात आले. एन्टेबेला पोचल्यावर वार्ताहर जमले होते. भाजलेला चेहरा, डोक्याला पट्टी, अशा अवस्थेत त्याने आपले नशीब अजून जोरावर असल्याचे त्यांना हसत सांगितले. जगाला हायसे वाटले. ज्यांनी मृत्युलेख छापले होते त्यांनी आता त्याच्या चिवटपणाचे लेख छापले.

आता त्या हसऱ्या माणसाच्या शरीराचा हिशेब पाहा. कवटीला तडा गेला होता आणि मेंदूभोवतीचा द्रव कानावाटे झिरपत होता. पाठीच्या कण्याला इजा होती. यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड फाटले होते. उजवा हात खांद्यातून निखळला होता. एका डोळ्याची दृष्टी आणि एका कानाचे ऐकणे काही काळ गेले होते. चेहरा, डोके, हात भाजलेले. यांतले बरेचसे त्या दिवशी डॉक्टरांनाही कळले नव्हते. आपल्या भाषेत अशा दुखापतीला फार नेमका शब्द आहे, मुका मार. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही, म्हणून तो बोलत नाही. आणि जो बोलत नाही त्याच्याकडे घरातलेही लक्ष देत नाहीत.

विश्रांती त्याने घेतली नाही. नैरोबीत पडल्या पडल्या अपघाताची हकीकत मासिकासाठी सांगून लिहून घेतली. ‘द ख्रिसमस गिफ्ट’ या नावाने ती त्या वसंतात प्रसिद्ध झाली, आणि तीही विनोदी ढंगाची. फेब्रुवारीत केनियाच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या तळाजवळ वणवा लागला. तो विझवायला गेलेला हा जखमी माणूस तोल जाऊन आगीतच पडला. पुन्हा पाय, छाती, ओठ भाजले. त्यानंतर तो जहाजाने व्हेनिसला पोचला तेव्हा चोपन्न वर्षांचा हा गृहस्थ सत्तरीचा दिसत होता.

२८ ऑक्टोबर १९५४ रोजी नोबेल पारितोषिक जाहीर झाले. स्टॉकहोमला जाण्याइतकी ताकद अंगात नव्हती. १० डिसेंबरच्या समारंभात त्याचे भाषण स्वीडनमधले अमेरिकेचे राजदूत जॉन कॅबट यांनी वाचून दाखवले. नोबेलचे पदक त्याने पुढे क्यूबातल्या एल कोब्रे गावच्या माताराणीला वाहिले. नवस फेडावा तसे. त्याच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण आपल्याकडचा माणूसही हेच करतो. जिवावरचे टळले की जोतिबाला किंवा अंबाबाईला जाऊन काहीतरी ठेवून येतो.

पण टळले होते का? लेखनाकडे पाहिले की उत्तर मिळते. नोबेलनंतर त्याच्या हयातीत त्याची एकही नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. आफ्रिकेवरच्या पुस्तकाची शेकडो पाने लिहून त्याने ती बाजूला ठेवली. १९५९ साली ‘लाइफ’ने त्याच्याकडे बैलझुंजींवर सुमारे दहा हजार शब्दांचा लेख मागितला. त्याने लाखाच्या वर शब्द लिहिले आणि ते कमी करणे त्याला जमेना. कापणे हीच ज्याची कला, हिमनगासारखा सातअष्टमांश भाग पाण्याखाली ठेवावा असे ज्याने दोन पिढ्यांच्या लेखकांना शिकवले, त्याला स्वतःचा एक परिच्छेद गाळता येईना. शेवटी मित्राची मदत घ्यावी लागली. डोकेदुखी, रक्तदाब, झोप नाही, चिडचिड, विसर, वाढते मद्यपान, आणि मग संशय. आपल्यावर सरकारचा पहारा आहे असे तो सांगू लागला. मंडळींनी हा भ्रम मानला. अमेरिकेच्या तपास खात्याकडे त्याच्या नावाची फाइल १९४०च्या दशकापासून होती हे पुढे उघड झाले. परंतु जेवायला बसलेल्या प्रत्येक अनोळखी माणसात हेर दिसणे, हा आजारच होता.

१९६०च्या अखेरीस त्याला मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या नावाने गुपचूप दाखल करण्यात आले. विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. त्यांनी निराशा तात्पुरती हटली, पण स्मरणशक्ती आणखी खचली. १९६१च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेट द्यायच्या एका संग्रहासाठी त्याच्याकडून हस्ताक्षरात चार ओळी हव्या होत्या. तो टेबलाशी बसला आणि दिवसभर बसून राहिला. ओळी आल्या नाहीत. डॉक्टर भेटायला आले तेव्हा त्यांच्यासमोर रडला. मी स्वतः थोडेफार लिहितो. बँकेत दिवसभर दुसऱ्यांची खाती तपासून रात्री कागदाशी बसण्याची सवय मला तीस वर्षे होती. कधी ओळ येत नाही हे मला ठाऊक आहे. पण ओळ येणारच नाही हे कळून चुकणे काय असेल, याची कल्पनाही मला करवत नाही.

२ जुलै १९६१ रोजी, रविवारी पहाटे, आयडाहो राज्यातल्या केचम येथील घरी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. मेरीने आधी तो अपघात असल्याचे सांगितले. खरे मान्य करायला तिला काही वर्षे लागली. कोणत्याही घरात हेच झाले असते.

या शेवटाचा सगळा दोष एका धावपट्टीवर टाकणे योग्य होणार नाही. त्याच्या वडिलांनीही १९२८ साली असाच शेवट करून घेतला होता आणि पुढे भावंडांतही ती वाट दिसली. दारू होती, मधुमेह आणि रक्तदाबाच्या तक्रारी होत्या. तरीही २०१७ साली अँड्र्यू फाराह या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने हेमिंग्वेच्या मेंदूवर एक पुस्तकच लिहून, वारंवार बसलेल्या डोक्याच्या मारांनी त्याचा मेंदू झिजत गेला होता, असा पक्ष मांडला. मुष्टियोद्ध्यांमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंमध्ये असे झिजलेले मेंदू आता तपासण्यांत सापडले आहेत. आज आपल्याला ठाऊक आहे की एका माराच्या जखमा भरण्याआधी बसलेला दुसरा मार कितीतरी अधिक महाग पडतो. हेमिंग्वेला दोन मारांमध्ये एक दिवस मिळाला होता.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आमच्या शाखेतून अपघात विम्याचे दावे जात. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे नियम मला अजून पाठ आहेत. मृत्यू आला तर दोन लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तर दोन लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. रक्कम गरिबाला आधाराची आहे यात शंका नाही, आणि कुठलाही तक्ता मोजता येईल तेच मोजणार. पण कोऱ्या अर्जावर सही घेताना समोर बसलेली बाई हळूच सांगायची, की मालक घरी आलेत, हातपाय धड आहेत, पण ते पूर्वीचे राहिले नाहीत. रात्री उठून बसतात, पोरांवर धावून जातात, दुकानाचा हिशेब लागत नाही. त्या वाक्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

आमचा एक सहकारी, कॅशियर, घाटात स्कूटरवरून पडला. खरचटले तेवढेच. चार दिवसांनी कामावर आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्यानंतर त्याची रोकड जुळेना. ज्याच्या बोटांना नोटेची जाडी कळत असे, तो तीच गड्डी तीनदा मोजू लागला. कोणी म्हणाले लक्ष उडाले, कोणी म्हणाले दारू पितो, वरिष्ठांनी मेमो दिला. त्याची बायको मात्र पहिल्यापासून एकच सांगत होती, की हे पडल्यापासून झाले आहे. तिचे कोणी फार मनावर घेतले नाही. मेरी हेमिंग्वेवर लिहिलेली पाने वाचताना मला त्या बाईची आठवण येते. नवऱ्याचा स्वभाव बिघडला, की स्वभावच वाईट होता असे म्हणणारे भोवती पुष्कळ असतात. तो केव्हापासून बिघडला हे घरातल्या बाईला तारखेनिशी ठाऊक असते.

आमच्या खासबाग मैदानात कुस्ती सुरू असली की हजारो डोळे एकाच गोष्टीवर खिळलेले असतात, पाठ टेकली का? पाठ टेकली नाही तोवर पैलवान हरलेला नाही. पडताना त्याची मान कशी वळली, डोके कसे आपटले, हे तालमीत परतल्यावर त्याचा वस्ताद पाहतो. चांगला वस्ताद त्या गड्याला आठ-पंधरा दिवस मातीत उतरू देत नाही, मग तो कितीही शड्डू ठोको. हेमिंग्वेच्या भोवती टाळ्या वाजवणारे सारे जग होते. पाठ टेकली नाही म्हणून सगळे खूश होते, तो स्वतः सर्वांत जास्त. त्याला मैदानाबाहेर बसवणारा वस्ताद मात्र कोणी नव्हता.

आज आपल्या गावात विमान अपघात विरळा, पण दुचाकी घराघरात आहे आणि रोज कोणी ना कोणी पडतो. वाचला, देवाची कृपा, असे आपण म्हणतो आणि ते म्हणावेच. पण त्याबरोबर पुढचे काही आठवडे त्या माणसाकडे पाहत राहावे. डोके दुखते का, उजेड सहन होत नाही का, झोप उडाली आहे का, साध्या गोष्टी विसरतो का, विनाकारण भडकतो का? वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी असेल तर त्याच रात्री इस्पितळ गाठावे. एरवी डॉक्टर सांगतील तितके दिवस गाडी नाही, दारू नाही, कामाची घाई नाही. मन काळवंडून गेल्यासारखे तो बोलू लागला तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये, त्याला एकटे सोडू नये, वैद्याकडे न्यावे. तो स्वतः हसून काही झाले नाही असे सांगेल. हेमिंग्वेनेही तेच सांगितले होते.

बुटियाबात जो दार फोडून बाहेर आला, त्याला पुढे सात वर्षे आणि काही महिने मिळाले. त्या वर्षांत त्याने पॅरिसमधल्या आपल्या तरुणपणाच्या आठवणी लिहिल्या. ‘अ मूव्हेबल फीस्ट’ या नावाचे ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ साली निघाले. गरिबी, थंडी, उपाहारगृहातली कॉफी आणि पहिल्या बायकोवरचे प्रेम यांनी ते भरलेले आहे, आणि त्याच्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. झिजत चाललेल्या मेंदूने चाळीस वर्षांपूर्वीचे ते दिवस शोधून काढले आणि दर दिवशी थोडे थोडे करून कागदावर उतरवले. डोक्यात इतका मुका मार घेऊन त्याने हे कसे केले असेल, याचा विचार मी अलीकडे अधिक करतो. विमानाच्या दाराला दिलेल्या धडकेपेक्षा मला त्याचे ते रोजचे टेबलाशी बसणे मोठे वाटते.